शिलाई मशीनवरचं जेट

कॅप्टनच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झालो आणि सुट्टी काढून सोलापूरला घरी आलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. देशातल्या देशात उडणाऱ्या एका छोट्या जेटवर मी सहवैमानिक होतो, म्हणजे उजव्या खुर्चीवरचा. डावी खुर्ची कॅप्टनची. दुसऱ्यांदा नापास झालो असतो तर निवृत्त होईपर्यंत उजवीकडेच बसून दुसऱ्याचे हुकूम ऐकावे लागले असते, आणि हुकूम ऐकणं माझ्या रक्तात नाही हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

नापास कशानं झालो ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. विमानाच्या पंखाला मागच्या बाजूनं पट्ट्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. उतरताना त्या पायरीपायरीनं खाली सोडायच्या, म्हणजे विमान कमी वेगातही तरंगत राहतं. पण प्रत्येक पायरीला वेगाची मर्यादा असते. पाचाच्या खाचेला आमच्याकडे दोनशे पंचवीस नॉट, पंधराच्या खाचेला एकशे पंच्याण्णव. वेग त्याच्या आत आल्याशिवाय दांडी तिथं न्यायची नाही. नेली तर वाऱ्याच्या जोरानं पट्ट्यांची वाट लागते. आणि जेटची खोड अशी की ते एकतर खाली येतं, नाहीतर हळू होतं. दोन्ही एकदम कर म्हटलं की अडून बसतं. मी खाली यायला उशीर केला, मग घाई झाली, वेग जास्त असतानाच फ्लॅप मागितले, आणि शेजारी उजवीकडे बसलेल्या सहवैमानिकानं मुकाट्यानं दिले. परीक्षक मागच्या खुर्चीवरून एवढंच म्हणाले, "पुरे."

घरी सरावाला विमान कुठून आणणार? बाहेरच्या खोलीत अव्वाचं, म्हणजे माझ्या आईचं, शिलाई मशीन होतं. टाका लहानमोठा करायची दांडी त्याला होती, बाजूला आकडे कोरलेली. तीच फ्लॅपची दांडी ठरली. अव्वाला मशीनसमोर बसवलं, म्हणजे उजव्या खुर्चीवर. मी डावीकडे, दोन्ही हातांत जेवणाचं ताट सुकाणूसारखं धरून. अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, चादरींचं दुकान होतं. दुपारी जेवायला आले की ते झोपाळ्यावर आडवे व्हायचे, म्हणून वेग सांगायचं काम त्यांच्याकडे दिलं. अव्वानं मुंबई कधी पाहिली नव्हती, तेव्हा आम्ही रोज सोलापूरलाच उतरायचो. होटगी स्टेशन मागं पडलं असं मी म्हणायचो आणि खेळ सुरू व्हायचा.

"अप्पा, वेग किती?"

"दोनशे चाळीस."

"कमी होऊ द्या की."

"परवडत न्हाय."

मग झोपाळा दोनदा कुरकुरायचा. "बरं, घरचा हायस म्हणून दोनशे पस्तीस. ह्याच्या खाली दुसरीकडं मिळालं तर घे."

अप्पांचं एक वेळ चालून गेलं असतं. खरी अडचण अव्वाची होती. मी तिला दहादा समजावलं होतं, की मी फ्लॅप मागितले तरी लगेच द्यायचे नाहीत. आधी अप्पांचा आकडा ऐकायचा, मशीनला चिकटवलेल्या कागदावरच्या मर्यादेशी ताडून बघायचा, आणि वेग जास्त असेल तर मला सरळ नाही म्हणायचं. तिनं मान डोलावली. मी मुद्दाम दोनशे चाळीसला म्हटलं, "फ्लॅप पाच." तिनं दांडी पंधरावर नेली.

"अव्वा, मी पाच म्हटलं."

"पाचानं काय हुतंय? घे की अजून थोडं."

आमच्या घरात वाढणाऱ्यानं नाही म्हणायचं नसतं, आणि जेवणाऱ्यानं नको म्हटलं तर ते ऐकायचं नसतं. पोट भरलंय म्हणून हात आडवा धरला की बोटांच्या फटीतून भाजी वाढणारी बाई ती. मागणाऱ्याला, तेही पोटच्या पोराला, नाही म्हणायची रीतच तिला ठाऊक नव्हती. त्या आठवड्यात आम्ही सोलापूरच्या माळावर इतक्या विमानांचे पंख मोडले की आता भंगाराचं दुकान काढू या, असं अप्पा म्हणाले. मी चिडलो. ताट आपटलं, मशीनला काय काय बोललो. अव्वा शांतपणे म्हणाली, "तू मागितलास म्हणून दिलं की. न्हाय म्हणून कसं चालंल?"

वाट सापडली ती भाजीवालीमुळं. अक्कलकोटकडची ती बाई भर दुपारी वांगी घेऊन दारात यायची आणि कन्नडमधून सुरू व्हायची. एकदा आम्ही अगदी उतरायच्या बेतात होतो, वेग दोनशे दहा, मी "फ्लॅप पंधरा" म्हटलं, अव्वाचा हात दांडीवर गेला, तेवढ्यात बाहेरून वांग्यांची आरोळी आली. अव्वा मान न वळवता कडक आवाजात म्हणाली, "ब्याड."

ब्याड म्हणजे कन्नडमध्ये नको. पण ती ज्या सुरात म्हणाली, त्या सुरापुढे सुरी घेऊन आलेला दरोडेखोरही परत गेला असता. बाई गेली. अव्वाचा हातही दांडीवर थांबला होता.

"हेच," मी म्हटलं. "हे मला म्हण."

"तुला कसं म्हणू? ते भाजीवालीला म्हणायचं."

दोन दिवस मनधरणी केली. शेवटी ती तयार झाली, पण माझ्याकडे बघून नव्हे. दाराकडे बघून, तिथं वांगी उभी आहेत असं समजून. मी जास्त वेगात फ्लॅप मागायचो, ती दाराला म्हणायची, "ब्याड." आणि लगेच उठून आत जाऊन माझ्यासाठी शेंगदाणे-गूळ आणायची, मला वाईट वाटलं असेल म्हणून. विमान तोवर वैमानिकाच्या भरवशावर. मला खरंच बरं वाटायचं. इतक्या मायेनं मला आजवर कुणी अडवलं नव्हतं.

परीक्षा नेहमीच्या प्रवासी फेरीवरच घेत. त्या दिवशी मुंबईवर विमानांची गर्दी होती. नियंत्रकानं आम्हाला बराच वेळ उंचावर अडकवून ठेवलं आणि मग एकदम विचारलं, सरळ आत येता का? धावपट्टी समोर दिसत होती, आम्ही उंच होतो आणि वेगात होतो. मागं परीक्षक, तेच. शेजारचा सहवैमानिक सज्जन माणूस. मी मागायच्या आधीच त्याचा हात फ्लॅपच्या दांडीवर. माझ्या अंगातला कण न् कण म्हणत होता, माग, टाक खाली, होऊन जाईल. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "ब्याड."

सहवैमानिक माझ्याकडे बघतच राहिला. मी नियंत्रकाला सांगितलं, सरळ जमणार नाही, मोठा फेरा द्या. लांब वळून गेलो, उंची कमी केली, वेग कमी होईपर्यंत गप्प बसलो, मग एकेक खाच मागत उतरलो. उशीर झाला. प्रवासी कुरकुरले.

इंजिनं बंद झाल्यावर परीक्षक म्हणाले, "मघाचा तो हुकूम कोणत्या पुस्तकातला?"

"कन्नड आहे, सर. नको असा अर्थ होतो."

त्यांनी सही केली. "पुढच्या वेळी इंग्रजीत," म्हणाले.

पास झाल्याची तार केली आणि रात्रीची गाडी पकडून सकाळी घरी पोचलो. अप्पांनी दुकान बंद ठेवलं होतं, जे ते लग्नकार्यालाही ठेवत नसत. अव्वानं ओवाळलं, साखर भरवली आणि मी फेऱ्याची सगळी हकिकत रंगवून सांगितली. अप्पा हसले. अव्वा नाही हसली. ताम्हन अजून तिच्या हातातच होतं.

"आता तू मोठा सायेब झालास," ती म्हणाली. "आता तुला न्हाय म्हणणारं तितं कोण हाय?"

"शेजारी एक जण असतो की."

"त्यो म्हणतो?"

त्या सज्जन माणसाचा दांडीवरचा हात मला आठवला. खोटं बोलवेना. "नाही म्हणत," मी म्हटलं.

अव्वानं ताम्हन खाली ठेवलं. "मग त्याला घेऊन ये हितं. हप्ताभर जेवायला घालते, आन् शिकवून धाडते."