समुद्रावरचं माझं पाल

गेल्या हिवाळ्यापर्यंत मी समुद्र चार वेळा खिडकीतून पाहिला होता आणि एकदा अर्धा तास समोरून. तो अर्धा तास मला फार महागात पडला.

आमचं कोरेगावचं कुटुंब दर हिवाळ्यात कोकणात जातं. सगळे अंगाला वाळू फासून किनाऱ्यावर लोळतात आणि मी लॉजच्या खोलीत पलंगावर मांडी घालून सात बॅगा राखते. कारण मला ऊन सोसत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं आहे. दहा मिनिटं ऊन लागलं की तांबडे चट्टे उठतात, मग खाज, मग ताप. शेतकऱ्याच्या घरात असली सून! सासूबाईंनी डॉक्टरांचा तो कागद तीनदा उलटसुलट करून पाहिला होता.

"तू हायस म्हणून बॅगांची काळजी न्हाई बघ," असं आमचे हे दर वर्षी म्हणत. प्रेमानं म्हणत, म्हणून जास्त चीड यायची.

पाचव्या खेपेला मी बंड केलं. किनाऱ्यावर भाड्यानं छत्री मिळते, तिच्याखाली जाऊन बसले. डोक्यावर गार सावली, समोर लाटा, हातात शहाळं. अर्ध्या तासात हनुवटीखाली आणि नाकाच्या खालच्या बाजूला चट्टे! ऊन वरून आलंच नव्हतं, वाळूवरून उसळून खालून आलं होतं. दोन दिवस मी तापात पडून राहिले. माझ्या नणंदेचे यजमान विट्याचे. दक्षिणेत कुठल्याशा शहरात त्यांचं सोनं गाळायचं दुकान आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं मत तयार असतं. ते दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, कशाला हट्ट? समुद्रालाच तुमी नको हाय."

समुद्र तसं काही बोलला नव्हता, पाहुणे बोलले होते. मी पांघरुणातूनच जाहीर केलं, "पाव्हणं, पुढच्या खेपेला सकाळपासनं दिवस मावळेपर्यंत मी किनाऱ्यावर बसणार. तुमीच सावली मागत याल."

परत आल्यावर मी रेल्वेनं सांगली गाठली. तिथे बाजारात तंबू, ताडपत्र्या आणि सहलीचं सामान विकणारं एक दुकान आहे. दुकानदारानं आधी पांढरी झालर लावलेला मांडव दाखवला. "ताई, हा लग्नालासुद्धा चालतो."

"लग्न एकदा झालंय, तेवढं पुरे. मला समुद्रावर बसायचंय. भर दुपारी रस्त्याकडेला मांडून दाखवा."

त्याला वाटलं, बाई गंमत करते. मी त्याचीच खुर्ची उचलून बाहेर नेली. पहिला निळा, पातळ, जाळीच्या भिंतींचा मांडव लागला. मी त्याच्याखाली बसले, उजवी बाही दंडापर्यंत वर सारली आणि घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत मनगटावर तांबडं फूल उमललं. नापास! मग झालरवाला. आता डावा हात. पंचवीस मिनिटं टिकला आणि खाजायला लागला. एव्हाना समोरचा चहावाला, दोन रिक्षावाले आणि शेजारचा शिंपी येऊन उभे होते. दुकानदार घाबरून म्हणाला, "ताई, दवाखान्यात जायचं का?"

"दवाखाना नको, तिसरा काढा."

तिसरा दिसायला सरकारी गोदामासारखा. करडा, जाड, आतून चंदेरी लेप दिलेला, तिन्ही बाजूंना कापडी भिंती. दोन्ही हात कामी आले होते, म्हणून मी चप्पल काढून पाऊल पुढे केलं. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. पाऊल जसंच्या तसं गोरं! शिंप्यानं टाळी वाजवली. मी उठून सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि तोच मांडव बांधून घेतला.

घरी अंगणात तो उभा केला, त्या दिवशी माझे मामा आले होते. माझं माहेर आटपाडीकडचं, मेंढरांमागं फिरलेलं. मामांचं तरुणपण माणगंगेच्या कोरड्या पात्रात पालाखाली गेलेलं. पाल म्हणजे मेंढपाळांचा मुक्कामाचा ठेंगणा तंबू. त्यांनी मांडवाभोवती एक फेरी मारली.

"बाय, लय उंच केलाय ह्यो. वाऱ्याला बोलावणं हाय हे. पालात माणसानं वाकूनच शिरायचं." त्यांनी चारही पाय शेवटच्या खाचेपर्यंत खाली घेतले. मग खुंट्या हातात घेऊन हसले. "आन् ह्या वाळूत धरायच्या न्हाईत. दोरीला दगड बांधायचा आन् हातभर खोल पुरायचा. मग बैल जुपला तरी निघत न्हाई."

"मामा, तुमचा काळ येगळा," आमचे हे म्हणाले आणि खुंट्या बॅगेत भरल्या. मी दोऱ्या भरल्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा कोकणात गेलो. किनाऱ्यावर सकाळी वारा होता. मी डोळ्यांपर्यंत ओढणी, हातमोजे, वर छत्री अशा वेशात उभी. ह्यांनी आठ खुंट्या ठोकल्या, कमरेवर हात ठेवून पाहिलं, आणि एका झोतात सगळ्या मुळ्यांसारख्या उपटल्या गेल्या. मांडव कोलांट्या खात निघाला आणि आमच्या घरचे तीन पुरुष त्याच्यामागे. पाहुणे धापा टाकत परत आले, पण तोंड चालूच. "वहिनी, झालं न्हवं समाधान? चला खोलीवर. बॅगा एकट्या हायत."

"दगड आणा," मी म्हणाले.

आणि मग आमच्या लक्षात आलं. मामांच्या नदीत पाऊलभर अंतरावर दगड. इथे नजर जाईल तिथवर नुसती वाळू आणि चिमुकले शिंपले! ऊन वर चढत होतं. ओढणीच्या आत गालाला चुरचुर सुरू झाली. अजून दहा मिनिटं, आणि मला स्वतःच्या पायांनी त्या पलंगावर परत जावं लागणार होतं.

पलंग आठवला आणि त्याच्यावरच्या बॅगा आठवल्या.

"कपडे पलंगावर ओता आणि सगळ्या बॅगा घेऊन या. सातही!"

"आगं, माझी नवी हाय!" हे कळवळले.

"मग ती वाऱ्याच्या बाजूला."

बॅगांत वाळू भरली, बंदांना दोऱ्या बांधल्या, हातभर खड्डे केले आणि सातही बॅगा मी देखरेख करून पुरल्या. मांडव ठेंगणा, पाठ वाऱ्याकडे, तोंड पाण्याकडे. वाऱ्यानं दोनचार वेळा धडका दिल्या. कापड फडफडलं, पण जागचं हललं नाही. मी वाकून आत शिरले, हातमोजे काढले आणि पाय पसरले. तासाभरानं हात पाहिले. एक डाग नाही.

दुपारी पाहुणे आले. नाक भाजलेलं, मान लाल. पालाच्या तोंडाशी घुटमळले.

"वहिनी, जरा टेकू का आत?"

"वाकून या, पाव्हणं."

ते रांगत आले, शहाळं प्याले, आणि तरी विचारलंच, "खोलीवर बॅगांपाशी कोण हाय?"

"तुमी बसलाय त्यांच्यावर."

कलतं ऊन समोरून आत यायला लागलं तेव्हा मी पालाच्या तोंडावर चादर सोडली. दिवस मावळला तशी मी ओढणी पालातच टाकून पाण्याकडे निघाले. मागे सगळे गुडघ्यांवर बसून वाळू उपसत होते आणि कुठली बॅग कुठे पुरली यावरून त्यांचं जोरात भांडण चाललं होतं. ह्यांनी हाक मारली, "आगं, जरा हात लाव की!"

ऐकू आलं. मी गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिले.