मिठाच्या नदीचा नवस

लढाईच्या खेळासाठी शरदरावांनी जेवणाच्या टेबलावर जर्मनीतलं एक जंगल उभं केलं होतं. मधून निळ्या कागदाची नदी वाहत होती. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी या नदीच्या मिठासाठी दोन टोळ्या लढल्या आणि एका रोमन इतिहासकाराने चार ओळींत त्यांची वासलात लावली. शरदरावांनी मात्र दोन वर्षं खपून शिशाचा एकेक सैनिक रंगवला होता. सेनापती व्हायला निवृत्तीनंतरही उशीर झालेला नसतो, असं मी मनात म्हटलं.

लढाईआधी दोन्ही टोळ्यांनी नवस बोलला होता, की जिंकलो तर शत्रूची माणसं, घोडे, सगळं देवाला. खेळ अस्सल व्हावा म्हणून शरदरावांनी तो मोठ्याने म्हटला आणि समोर बसलेल्या सुमनवहिनींनाही म्हणायला लावला.

फासे वहिनींच्या बाजूने पडले. शरदराव हसत आपले सैनिक डब्यात भरू लागले.

“अहो, डब्यात काय? खऱ्या नदीत सोडायचे. मी बोललेय ना,” वहिनी म्हणाल्या.

“खेळ आहे गं.”

“खेळ तुमचा. तोंड माझं होतं.”

शरदरावांनी डबा ठेवून पिशवी घेतली. ज्या देवांकडे शतकानुशतकं कोणी काही मागितलं नव्हतं, त्यांना भर दुपारी आमच्या कॉलनीतून हाक गेली होती. विसरलेले देव मरतात, असं मी समजत होतो. कदाचित ते नुसते उपाशी राहत असतील.

वहिनीच मवाळ झाल्या. “बरं, घोडे तरी ठेवा.”

आयुष्यात कुठल्याच देवापुढे हात न जोडलेले शरदराव एकेक घोडा पिशवीत टाकत म्हणाले, “नाही. नवसात घोडे होते.”