हव म्हटलं म्हणून छापलं

हे सांगावं की गिळून टाकावं, ते अजून ठरलेलं नाही. पण तुम्ही चहा मागवलाच आहे, तर ऐका. अट एकच, मधे हसायचं नाही. मी आधीच थकलोय.

तर मी, इंजिनीअरिंग दुसऱ्या वर्षी सोडून घरी बसलेला माणूस, पत्रकारांना शिकवत होतो. बातमी कशी लिहायची, मुलाखत कशी घ्यायची. काहून? कारण आमच्या रायपूरच्या एका छोट्या हिंदी पेपरशी मी फेसबुकवर रोज भांडायचो. प्रत्येक बातमीखाली. पहिलं वाक्य एवढं लांब काहून? मेला कोण, ते चौथ्या परिच्छेदात काहून? शेवटी संपादक कंटाळले आणि फोन करून म्हणाले, "भैया, इतनी खुजली है तो आके सिखा ही दो."

ठरलं असं, की महिनाभर तेलीबांध्याच्या त्यांच्या ऑफिसात जाऊन रिपोर्टरांना शिकवायचं. जमलं तर मला डेस्कवर घेणार. घरी बाबांनी लगेच आपलं कलम जोडलं: नाही जमलं, तर मुकाट्यानं भिलाईला जाऊन कॉलेजात परत नाव घालायचं. म्हणजे एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला थर्मोडायनॅमिक्स. जीव तोडून शिकवलं नसतं तर काय केलं असतं?

विद्यार्थी दोन. एक दुबेजी, बाबांच्या वयाचे. त्यांची प्रत्येक बातमी एकाच वाक्यानं सुरू व्हायची, "राजधानी में उस समय हड़कंप मच गया जब..." नाली साफ झाली, हड़कंप. बगिच्यात नवीन झोपाळा लागला, हड़कंप. एका शाळेच्या स्नेहसंमेलनातही त्यांनी हड़कंप मचवला होता. मी सांगायला गेलो की मान डोलवायचे, डोळे मिटायचे, आणि थोड्या वेळानं घोरायचे. दुसरी नीलू. नवीन लागलेली, इथलीच छत्तीसगढी पोट्टी, चुणचुणीत. प्रश्न फार विचारायची. मला तेव्हा तो तिचा दोष वाटायचा.

तीन आठवडे मी एकच गोष्ट घोकून घेतली. प्रश्न लहान विचारा, सरळ विचारा, आणि उत्तर आलं की तेच छापा. आपलं डोकं मधे घालू नका. बोलला का नाही बोलला? बोलला. मग संपलं.

महिन्याच्या शेवटी संपादकांना काहीतरी दाखवणं भाग होतं. मी म्हटलं, चला, मुलाखत कशी घेतात ते प्रत्यक्ष दाखवतो. आणि दोघांना घेऊन बूढ़ापाऱ्यात आमच्या गल्लीतल्या वासुदेव काकांकडे गेलो.

वासुदेव काका आमच्या गणेशोत्सव समितीचे अध्यक्ष. माझ्या जन्माआधीपासून. माझे बाबा सचिव, तेही माझ्या जन्माआधीपासून. ही माणसं खुर्चीवर बसत नाहीत, खुर्चीतून उगवतात. नवीन पोट्ट्यांनी काही म्हटलं की यांचं उत्तर तयार, "तुमचं वय काय, तुम्ही बोलून काय राहिले?" मंडपाला खड्डे खणायला मात्र आमचं वय बरोबर असतं.

काका दिवाणावर बसले आणि जुन्या काळी मंडपाचे बांबू कुठून यायचे ते सांगू लागले. अर्धा तास बांबू. मधेच आतून काकूंनी विचारलं, "बीपीची गोळी घेतली काय?"

काका म्हणाले, "हव." म्हणजे आमच्याकडचं हो.

काकू पाणी आणि गोळी घेऊन बाहेर आल्या, त्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि ते गिळेपर्यंत उभ्या राहिल्या. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. मी, निरीक्षण कसं करावं यावर तीन तास बोललेला माणूस, बघत होतो.

मग मी दुबेजींना कोपरानं हलवलं, म्हणजे बघा आता, आणि काकांचा बांबू मधेच तोडला.

"काका, आता नवीन लोकाईले संधी द्याले पायजे ना?"

"हव."

"म्हणजे तुम्ही अध्यक्षपद सोडून राहिले?"

"हव."

"तुमच्या जागी एखादी बाई आली तरी चालते?"

"हव, हव. तर ते बांबू आम्ही बैलगाडीतून..."

झालं. तीन प्रश्न, तीन उत्तरं. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण गेलं असतं.

बाहेर आल्यावर नीलू हळूच म्हणाली, "सर, वो 'हाँ' वाला हव नहीं था. 'सुन रहा हूँ' वाला हव था."

मी म्हटलं, "नीलू, बोले कि नहीं बोले?"

"बोले तो."

"बस. छापो."

बातमी दुबेजींनी लिहिली. आणि काय लिहिली हो! पहिल्याच वाक्यात कोण, काय, केव्हा, सगळं. हड़कंप नाही, सनसनी नाही. अध्यक्ष पद सोडणार, आता समितीची धुरा महिलेकडे. त्या माणसानं आयुष्यात लिहिलेली ती पहिली चांगली बातमी. फक्त खोटी होती.

सकाळी पेपर आला आणि राजधानी में उस समय खरंच हड़कंप मच गया. दुबेजींचं वाक्य मी वापरतोय, कारण दुसरं कुठलं तिथं बसतच नाही.

काका सकाळी दार उघडतात तर बाहेर शाल, नारळ आणि माणसं. निरोप द्यायला आलेली. ब्राह्मणपाऱ्यातले एक गृहस्थ तर काकांच्या गळ्यात पडून रडले, बहुतेक आनंदानं. दुपारपर्यंत गल्लीतल्या पाच बायकांनी आपण अध्यक्ष व्हायला तयार असल्याचं कळवलं. सहाव्या काकू. स्वतः वासुदेव काकांच्या. त्या म्हणे म्हणाल्या, "तुम्ही हव म्हटलं न, मग आता मी पायते कसं होत नाही ते."

काका थेट आमच्या घरी आले. गळ्यात एक हार तसाच. बाबांनी मला हाक मारली, आणि हाकेवरूनच कळलं की आज घरात मी कोणाचा मुलगा नाही.

"काहून रे पोट्ट्या," काका म्हणाले, "मी कधी म्हटलं सोडतो म्हणून?"

मी शांतपणे मुलाखतीचं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. हव. हव. हव, हव. बैलगाडी.

"अरे, ते मी ऐकून राहिलो होतो! तू बोलून राहिला होता न, तुझं संपलं का माझं सांगतो, म्हणून हव."

"ऐकून राहिले होते, तर मग काय ऐकलं?"

काका बाबांकडे बघायला लागले. त्यांना एक शब्द आठवत नव्हता. म्हातारे ऐकत नाहीत हो, आपली पाळी यायची वाट पाहतात. मी तेवढ्यावर थांबायचं होतं. पण राग आला होता, आणि खरं तर नोकरी हातातून सुटताना दिसत होती, म्हणून मी बाबांसमोर, काकांसमोर, ते दिव्य वाक्य परत म्हटलं, "ते काही नाही. बोलले का नाही बोलले? बोलले. मग संपलं."

बाबा तेव्हा नुसता चष्मा पुसत राहिले. तिथंच मला संशय यायला हवा होता.

संपादकांचा फोन आला. क्लास बंद, डेस्कचं विसरा, संध्याकाळपर्यंत खुलासा लिहून पाठवा. नीलूवर कोणी ओरडू नये म्हणून मी सांगितलं की तिनं अडवलं होतं. ते म्हणाले, मग डेस्कवर तिलाच घेतो. बरोबरच आहे म्हणा.

तर मी खुलासा लिहायला बसलो. चार ओळी, पण जुळता जुळेनात. "अध्यक्ष महोदय के 'हव' का आशय..." पुढे काय लिहू? आशय बांबू होता? आणि मागे बाबा उभे. त्यांचं सुरू झालेलं. समितीत त्यांनी किती वर्षं घातली, वासुदेवरावांचे उपकार, माझं वय, माझी जीभ, शेजारच्या मुलाचं पॅकेज. हे भाषण मला पाठ आहे. लहानपणापासून माझ्याकडे त्यावर एकच उपाय आहे.

"हव," मी म्हणालो. टाईप करतच.

"मोठ्याईचा मान ठेवाले पायजे."

"हव."

"जे झालं ते झालं. सोमवारी भिलाईले जाऊन नाव घालून येतो न?"

"हव."

मागे एकदम शांत झालं. आमच्या घरात बाबांचं भाषण मधेच असं थांबत नाही. मी वळून पाहिलं. आई दारात उभी होती, साक्षीदारासारखी.

"बाबा, ते मी फक्त ऐकून राहिलो होतो."

बाबा चष्मा पुसत म्हणाले, "बोलला का नाही बोलला?"

सध्या मी परत दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या बाकावर. सर फळ्यावर थर्मोडायनॅमिक्स लिहितात, वळतात, माझ्याकडेच बघून विचारतात, "समझ में आया?"

मी म्हणतो, हव.

आणि सरही माझ्यासारखेच, तो हव खरा मानून फळा पुसून टाकतात.