अप्पांच्या बोटांना कळलं ते

माझ्या अप्पांबद्दल चांगलं बोलणारी माणसं कुंभकोणमला पैशाला पासरी मिळतात. चांगलं ऐकायचं असेल तर त्यांच्याकडे जा. मी त्यांची मुलगी, पंकजा. मला जे सांगायचं आहे ते चांगलं नाही.

सेतुराम हे नाव घेतलं की तिरुनागेश्वरमपासून आडुतुरैपर्यंतचे भजनवाले मान डोलावतात. अप्पा हार्मोनियम दुरुस्त करायचे. भाता फाटलेला असो, सूर बसलेला असो, पेटी त्यांच्याकडेच यायची. पण त्यांचं खरं नाव झालं ते पट्ट्यांसाठी. स्प्रिंगा अशा सैल करायचे की भजन गाणाऱ्या म्हाताऱ्या भागवतरांची थरथरती बोटंसुद्धा पट्टीवरून घसरत जायची. पेटी तयार झाली की डावा हात पाठीमागे घ्यायचे आणि उजव्या हाताच्या नुसत्या करंगळीनं एकेक पट्टी दाबून बघायचे. करंगळीला जोर द्यावा लागला की पेटी पुन्हा उघडली जायची. ही त्यांची परीक्षा. जगातल्या सगळ्या वाद्यांना त्यांनी तीच लावली.

मी पियानो शिकले शिवकामी टीचरांकडे. नऊ वर्षं त्यांच्या घरचा जुना पियानो बडवला. चौऱ्याण्णव साली टीचर मुलाकडे कोइमतुरला गेल्या, पियानो विकला गेला, आणि मी गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरींना टायपिंग शिकवत राहिले. तिथेच एक दिवस मद्रासचे चंद्रमौली आले. त्यांचा स्टुडिओ होता; कॉम्प्युटरवर संगीत रचायचे. कीबोर्डवर वाजवलेलं तारेतून कॉम्प्युटरमध्ये शिरतं आणि मग हवं तसं सुधारता येतं, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. त्यांना वाजवणारं माणूस हवं होतं. मी पियानो शिकल्याचं सांगितलं. म्हणाले, “सहा महिन्यांनी या. माझ्या पियानोवर ऐकेन. तोवर रोज सराव करा, पण जड पट्ट्यांच्या कीबोर्डवरच. हलक्यावर बोटं बिघडतात.”

ती नोकरी मला हवी होती. इतकी हवी होती की देवाजवळही मोठ्यानं मागायची भीती वाटत होती. पगारातून साठवलेले पैसे होते. पण तेवीस वर्षांची मुलगी एकटी मद्रासला जाणार कशी, आणि वाद्य घ्यायचं तर ते अप्पांना सोडून कोण पारखणार? अप्पा आले.

माउंट रोडच्या दुकानात दोन कीबोर्ड समोरासमोर होते. एक अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा, लांबलचक, पट्टीमागे खरं वजन असलेला. मी एक सूर हळू दाबला आणि टीचरांचं घर आठवून डोळे भरले. दुसरा आखूड, खेळण्यासारखा हलका, बटण दाबलं की तबला वाजवणारा. कॉम्प्युटरची तार दोन्हींना लागत होती.

अप्पांनी डावा हात पाठीमागे घेतला. लांब कीबोर्डवर करंगळी ठेवली, दाबली, तोंड वाकडं केलं आणि आमच्या घरच्या पिढीजात जुन्या मराठीत म्हणाले,

“हें जड आहे. जुना माल असेल, कोणीं तरी परत दिल्हा असेल.”

दुकानदार भला माणूस होता. त्यानं तमिळमध्ये समजावलं, की पियानोत पट्टीला हातोडी उचलावी लागते, म्हणून हे वजन मुद्दाम घातलेलं असतं. अप्पा हसले. अडाण्याला हसावं तसं हसले. “चाळीस वर्षें मी पट्ट्या हलक्या केल्या, आणि हा मला वजन विकतो!” वर आणखी एक काढलं: लांब कीबोर्डला स्टँड लागतो, खुर्ची लागते. “देवासमोर पाय लोंबत सोडून वाजवणार काय? हा बघ, मांडी घातली कीं समोर बसेल.”

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. “वाजवणार तुम्ही. तुम्ही सांगा, अम्मा.”

“अप्पा म्हणतात तोच,” मी म्हणाले.

आखूड कीबोर्ड घरी आला. अप्पा आल्यागेल्याला तबला वाजवून दाखवायचे. मी सहा महिने त्यावर सकाळ-संध्याकाळ बसले. बोटं अशी पळायला लागली की मलाच वाटलं, निभावून नेऊ. मूर्ख.

चंद्रमौलींच्या स्टुडिओत पियानोसमोर बसले. त्यांनी एक संथ, हळुवार तुकडा वाजवायला सांगितला. पहिल्याच ओळीत अनामिकेचे आणि करंगळीचे सूर उमटलेच नाहीत. पट्टी खाली जायची, आवाज नाही. घाबरून जोर लावला तर सूर दणकन आदळला. दुसऱ्या पानावर मनगट दगडासारखं आखडलं. नऊ वर्षं जे हातात होतं ते सहा महिन्यांत गेलं होतं.

“सराव कशावर केलात?” त्यांनी विचारलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मैलापूरच्या दुसऱ्या एका मुलीला घेतलंय, असं आठवड्यानं पत्र आलं.

पत्र घेऊन मी अप्पांसमोर उभी राहिले. ते एका पेटीचं पोट उघडून बसले होते. सगळं ऐकलं आणि मान हलवली.

“त्यांचा पियानो बिघडलेला. कोणीं सैल केला नसेल. पत्ता दे, मी जाऊन नीट करून येतों.” आणि खरोखर हत्यारं पिशवीत भरायला लागले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या घरात कधी कुणी बोललं नव्हतं ते मी बोलले. “पियानो नाही बिघडलेला, अप्पा. तुम्ही चुकलात. तुम्हांला पियानोतलं काही कळत नाही. माझं वाटोळं केलंत तुम्ही.”

अप्पांचा हात पिशवीत तसाच राहिला. आता ओरडतील, म्हणून मी तयार होते. ते ओरडले नाहीत. खरोखरच न कळल्यासारखं, त्यांनी विचारलं,

“तुला ठाऊक होतें? मग दुकानांत कां नाहीं बोललीस? तो तुलाच पुसत होता.”

मी पत्र घेऊन आत निघून गेले. अप्पांचा मला आयुष्यभर राग आला, पण त्या एका प्रश्नाइतका कशाचाच आला नाही.