वांगं की पुरी

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी चाळीसेक पुऱ्यांना, तळायच्या आधी, सुरीच्या टोकानं एकेक भोक पाडलं. कुणी सांगितलं नव्हतं. अक्कल सगळी माझी.

त्याचं असं झालं. माहेरी धुळ्याला भरताची वांगी आई भाजायची आणि मी खायची. सासर चोपड्याकडे, केळीच्या मळ्यात. आल्या आल्या मी एक भलंथोरलं हिरवं वांगं तसंच कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर ठेवलं. ते फुगलं, फटकन फुटलं आणि अर्धं सासऱ्यांच्या टोपीवर जाऊन बसलं. सासूबाईंनी न रागावता शिकवलं, वांग्याला आधी टोचे मारायचे, वाफेला वाट मिळाली की ते फुटत नाही. मला हे इतकं पटलं की पुढे जे जे फुगेल ते ते मला वांगंच दिसायला लागलं.

आठवड्यानं नणंद नव्या नवऱ्याला घेऊन भरीत खायला आली. आमच्याकडे भरताबरोबर कळण्याच्या पुऱ्या लागतात. ज्वारी-उडदाच्या पिठाच्या त्या जाड पुऱ्या कढईत टम्म फुगतात. जावईबापूंच्या अंगावर फुटल्या तर? मी शहाणीनं एकेक टोचून ठेवली. एक फुगेल तर शपथ. सासूबाईंनी परातीत पाहिलं आणि विचारलं, "ह्या पुऱ्या शेतस का पापड?" जावईबापू मुकाट्यानं जेवले. निघताना मात्र विचारून गेले की धुळ्याकडे लेकरांच्या फुग्यांनाही आधी टोचतात का. तेव्हापासून दर हिवाळ्यात ते भरीत खायला येतात आणि ताटातली पहिली पुरी उजेडात धरून भोक शोधतात.

यंदा मुलानं बांधापलीकडच्या तुकड्यात नवी केळी लावली. वीतभर रोपं. ठिबकची पाईप अलीकडून बांधावर चढते आणि पलीकडे उतरते. अलीकडे पाणी झकास, पलीकडे नळ्या कोरड्या. मुलानं फिल्टर धुतला, नळ्या झटकल्या, मोटारवाल्याला आणलं. तो म्हणाला, मोठी मोटार घ्या. चौथ्या दिवशी रोपांनी पानं खाली टाकली आणि मुलानं भाकरी. आणखी दोन दिवस असेच गेले तर तुकडा पुन्हा लावावा लागेल, एवढंच तो बोलला.

त्यातच नणंद आणि जावईबापू आले. जाळ मळ्यातच पेटवला होता. वांगी टोचून मी आडवी मांडली, पण एकाला टोचे खालच्याच अंगाला पडले होते. त्याची वरची बाजू फुगायला लागली. मी वाकून बघते तर वांग्याची उचललेली पाठ, आणि तिच्या बरोबर मागे बांधावर पाईपची उचललेली पाठ. एकावर एक ठेवल्यासारखी.

मी सुरी घेऊन उठले आणि तिथंच थबकले. म्हटलं, बाई, हे वांगं आहे की पुरी? एकदा फसलीस. डोळे मिटून आत काय चाललंय ते बघितलं. पुरीतली वाफ पुरीला उचलते, ती कामावर असते. वांग्यातली नुसती कोंडून बसते. पाईपमध्ये पाण्याला पुढे जायचंय, आणि चढाच्या माथ्यावर हवा बसलीय, लग्नघरच्या दारात पाय पसरून बसलेल्या मावशीसारखी. वांगंच.

मुलाला राखेत काडीनं बांध काढून दाखवला, वर हवेचा गोळा काढला.

"आई, नव्या पाईपला भोक पाडू?"

"टोच. सगळ्यात उंच जागी."

जावईबापूंनी त्याला सावध केलं की या बाईनं पुऱ्याही अशाच टोचल्या होत्या. पण रोपांकडे बघून मुलगा उठला. मोटार बंद केली, वांग्याच्याच जाळात खिळा लाल केला, बांधाच्या माथ्यावर पाईपला टोचला आणि मोटार सुरू केली. जावईबापू जवळून बघायला वाकले.

आधी नुसता फुस्स आवाज. तो संपायचं नावच घेईना. मग पाईप थुंकली, आणि पाण्याची एक बारीक धार सरळ जावईबापूंच्या टोपीवर. माझ्या सासरच्या टोप्यांचं नशीबच तसं. मुलानं भोकावर अंगठा दाबला. पलीकडे नळ्या ठिबकायला लागल्या आणि तिथून नणंद ओरडली, "पानी उनं, पानी उनं."

संध्याकाळपर्यंत तिथे हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह बसला. मुलानं त्या दिवशी दोघांचं भरीत एकट्यानं खाल्लं. जावईबापू ओली टोपी गुडघ्यावर वाळत घालून बसले होते. मी वाढलेली पुरी त्यांनी उजेडात धरली, फिरवून बघितली आणि म्हणाले,

"वहिनी, भोक तुम्ही तेव्हाही चांगलंच पाडलं होतं. पाईप समोर यायलाच पंचेचाळीस वर्षं लागली."