हो म्हणणारा आवाज

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये घंटाघराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वर तेजस्विनी लघाटेचं ऑफिस आहे. पाटीवर अजून दोन नावं आहेत. वरचं नाव अभिजीत दाभाडेचं. तो कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. दवाखान्यात गेला तो स्वतःच्या पायांनी चालत, आणि परत आला तो फक्त निरोप. चेहरासुद्धा कोणाला बघायला मिळाला नाही.

दोघं स्ट्रक्चरल इंजिनीअर. इमारत किती ओझं पेलेल, वर मजला चढेल की नाही, हे तपासून सही करायची, हा त्यांचा धंदा. इंदूरच्या एका कंपनीतली नोकरी दोघांनी एकदमच सोडली आणि उज्जैनला येऊन स्वतःचं काम मांडलं. तो भटक्या, साइटवर रमणारा. ती हिशोबाची, टेबलाची. प्रत्येक कामावर दोघांची भांडणं व्हायची आणि त्या भांडणातूनच ड्रॉइंग पक्कं व्हायचं.

तो गेल्यावर काम थांबलं नाही. उलट वाढलं. सिंहस्थ कुंभमेळा जवळ येत होता आणि गावात जिकडे तिकडे पाडापाडी आणि बांधाबांधी चालली होती. तेजस्विनी एकटीच सगळं ओढत होती. अडलं की ती समोरच्या खुर्चीकडे बघून विचारायची, "अभिजीत, हा बीम एवढा पुरे ना रे?"

सुरुवातीला ती नुसती सवय होती. मग कधीतरी उत्तर यायला लागलं.

"पुरे गं, तेजी. चालतंय."

कानात नव्हे, पण अगदी कानाशी. तोच किंचित बसलेला आवाज, तोच मधेच हिंदीत घसरणारा. "चिंता मत कर. दे सही." तिला भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. घरी नवरा, पराग, बँकेत. बायको दमते एवढं त्याला दिसायचं, पण बीम आणि कॉलमचं तिने त्याला काय सांगायचं? आणि गावातल्या इतर सल्लागारांशी तिचं बोलणं नव्हतं. तीही अभिजीतचीच शिकवण. शनिवारी दुपारी पाटबंधारे खात्यातले निवृत्त भूशास्त्रज्ञ यज्ञेश्वर मुंगी यांच्या दिवाणखान्यात स्वतंत्र काम करणाऱ्या काही जणांची बैठक भरायची. कोणी वास्तुविशारद, कोणी बिजलीचा सल्लागार, कोणी माती तपासणारं. अभिजीत म्हणायचा, "ती मंडळी चहा पिऊन एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतात. आपल्याला काय करायचंय?"

म्हणून ती कधी गेली नाही.

या उन्हाळ्यात नानाखेड्याच्या बाजूच्या एका ट्रस्टचं काम तिच्याकडे आलं. ट्रस्टचं तीन मजली भक्तनिवास होतं, आणि सचिव प्रकाश वैशंपायन यांना त्यावर आणखी दोन मजले हवे होते. पाया अभिजीतनेच घातलेला, कंपनीतून बाहेर पडल्यावर, ऑफिस मांडायच्या आधी त्याने एकट्याने केलेलं अगदी पहिलं काम. त्याने तेव्हाच सांगून ठेवलं होतं की वर आणखी दोन मजले चढतील असा पाया आहे.

"म्हणजे प्रश्नच मिटला," प्रकाशराव म्हणाले. "दाभाडेसाहेबांचं काम म्हणजे पत्थर की लकीर. तुम्ही फक्त सही द्या, मॅडम. पावसाळ्याआधी स्लॅब टाकू."

ती साइटवर गेली ती भर दुपारी. माळव्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या फटी पडतात. समोरचं अंगण तसंच फाटलेलं होतं. पण इमारतीच्या मागे गेल्यावर तिला भिंतीलगत हिरवंगार गवत दिसलं. पायाखालची जमीन मऊ लागली.

"टाकीचं पाणी सांडत असेल," अभिजीत म्हणाला.

मागच्या खोल्यांत खिडक्यांच्या कोपऱ्यांवर नवी पुट्टी भरलेली होती, तिरकी, एका रेषेत. वर ताजा पिवळा रंग.

"प्लास्टरचे तडे गं. काळ्या मातीत येतातच."

"हो ना," ती मोठ्याने म्हणाली. बरोबरच्या मिस्त्रीने चमकून पाहिलं.

आणि तेव्हाच तिला ते ऐकू आलं. टक्. टक्. मग जरा थांबून, टक्. अभिजीतला खोड होती. नव्या साइटवर तो रुपयाच्या नाण्याने कॉलम वाजवत फिरायचा, वैद्याने नाडी बघावी तसा. तो आवाज तिने हजारदा ऐकला होता. आता तो मागच्या भिंतीच्या आतून येत होता.

"भैया, उधर कोई है क्या?"

मिस्त्रीने कान दिला. "कोई नहीं, मॅडम. सब खाना खाने गए हैं."

ती भिंतीला हात लावून उभी राहिली. बाहेर आग ओकणारं ऊन आणि भिंत मात्र गार. मडक्यासारखी. "अभिजीत?" ती पुटपुटली.

"दे सही," तो म्हणाला. अगदी शांतपणे. आणि आत टकटक चालूच होती.

पुढचे दिवस तिला वाईट गेले. जेवताना, न्हाताना, रिक्षात बसल्यावर तिला ती टकटक आठवायची. एकीकडे त्याचा आवाज म्हणत होता, सही दे. दुसरीकडे त्याचंच नाणं काहीतरी वेगळं सांगत होतं. दोन्ही अभिजीतच, मग खरा कोणता? आपलं डोकं फिरलंय, असं तिला वाटायला लागलं. आणि ज्या बाईचं डोकं फिरलंय तिच्या सहीखाली शेकडो माणसं झोपणार होती.

ती खुर्चीशी भांडत असतानाच स्नेहा आत आली. स्नेहा राजवाडे माती तपासणीची प्रयोगशाळा चालवायची. कुठल्याशा कामाचा अहवाल द्यायला ती आली होती.

"मग ते गार का लागलं? सांग ना! प्रत्येक वेळी चालतंय, चालतंय काय?" तेजस्विनी ओरडत होती.

स्नेहा दारात थबकली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तेजस्विनीचा चेहरा पांढरा पडला. ती घाईघाईने टेबलावरचे कागद आवरायला लागली.

स्नेहा हसली नाही. तिने अहवाल टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि बसली. त्याच खुर्चीवर. काहीही घडलं नाही.

"ताई, काय गार लागलं?" स्नेहाने विचारलं.

मग तेजस्विनीने सगळं सांगितलं. गवत, पुट्टी, भिंत. टकटक सांगू की नको असं झालं, पण तेही सांगितलं. स्नेहा ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आवाजाचं मला काही कळत नाही. गवताचं कळतं. मे महिन्यात पायालगत गवत म्हणजे खाली पाणी आहे. शनिवारी यज्ञेश्वरकाकांकडे चला माझ्याबरोबर."

"अभिजीतला ते आवडायचं नाही."

"ताई," स्नेहा हळूच म्हणाली, "सही तुमची आहे."

शनिवारी ती गेली. यज्ञेश्वरकाकांचा दिवाणखाना साधाच, पंख्याखाली सात-आठ माणसं आणि मध्ये शेवेची परात. कोणी तिच्याकडे टक लावून पाहिलं नाही. बिजलीवाले गृहस्थ एका दवाखान्याच्या वायरिंगवरून वाद घालत होते आणि एक वास्तुविशारद बाई त्यांना तोंडावर सांगत होती की तुमचं चुकतंय. गृहस्थ चिडले, मग डोकं खाजवून म्हणाले, "हां, यह तो मैंने देखा ही नहीं." तेजस्विनी बघतच राहिली. कितीतरी दिवसांत तिला कोणी 'चुकतंय' म्हटलं नव्हतं.

तिची पाळी आली. तिने भक्तनिवासाचं सांगितलं, आवाजाचं वगळून. प्रश्नांचा मारा झाला. संडास केव्हा वाढवले? मैल्याची टाकी कुठे? पाया काळ्या मातीच्या खाली मुरुमात गेलाय का, आणि तो मुरूम आता कोरडा आहे का? अर्ध्या प्रश्नांची उत्तरं तिच्याकडे नव्हती. तिला लाज वाटली, पण त्या लाजेत कसलातरी सुटकेचा श्वास होता.

शेवटी यज्ञेश्वरकाका म्हणाले, "हा अभिजीतचा प्लॉट ना? त्याने तेव्हा मला फोन केला होता."

"तुम्हाला?"

"अगं, दर आठवड्याला करायचा. आमच्यात बसायला त्याला कमीपणा वाटायचा, पण फोन चुकायचा नाही. या प्लॉटचं मी त्याला म्हटलं होतं, मुरूम चांगला आहे, पण पाणी मुरलं तर लोण्यासारखा होईल. पायाजवळ पाणी येऊ देऊ नकोस. तो म्हणाला, काका, मालकाला बजावून ठेवतो." काकांनी शेवेची परात पुढे सरकवली. "फार शंकेखोर पोरगा. माझं म्हणणंही तो दोनदा तपासायचा."

शंकेखोर. होताच तो. एकही बीम त्याने भांडल्याशिवाय सोडला नव्हता. 'चिंता मत कर, दे सही' असं तो जिवंतपणी एकदाही म्हणाला नव्हता. मग इतकी वर्षं समोरच्या खुर्चीवर बसून तिला हो म्हणत होता तो कोण होता? भर दुपारी, इतक्या माणसांत, तिच्या अंगावर काटा आला. त्या आवाजाच्या भरवशावर दिलेल्या सगळ्या सह्या एकेक करून तिच्या डोळ्यांपुढे आल्या.

सोमवारी स्नेहा आणि काका तिच्याबरोबर साइटवर गेले. मागच्या कॉलमशेजारी खड्डा खणला. कुदळ जसजशी खाली गेली तसा वास यायला लागला, आणि मग काळं पाणी पाझरलं. खोल्यांना संडास जोडताना ट्रस्टने कोणालाही न विचारता मैल्याची नवी टाकी पायाला खेटून बांधली होती, आणि ती गळत होती. स्नेहाने पायाखालचा मुरूम चिमटीत धरला. तो बोटांतून घसरला.

"यावर दोन मजले?" काका एवढंच म्हणाले.

प्रकाशराव संतापले. "मॅडम, पाया तुमच्याच माणसाचा. आता तुम्हीच नाही म्हणता? गावात सही देणारे काय कमी आहेत?"

"विचारून बघा," तेजस्विनी म्हणाली.

त्यांनी विचारलं. पण पहिला सल्लागार शनिवारच्या बैठकीतलाच निघाला आणि त्याने आधी तेजस्विनीला फोन केला, मग स्वतः खड्ड्यात उतरून पाहिलं, मग नाही म्हणाला. दुसरा बैठकीत येत नव्हता, पण पहिल्याच्या ओळखीचा होता. त्यानेही तेच सांगितलं. एकटी असती तर ती हटवादी बाई ठरली असती. आता तीन जण एकच गोष्ट बोलत होते, आणि प्रकाशराव काही वाईट माणूस नव्हते. एका संध्याकाळी ते ऑफिसात आले, खुर्ची ओढून बसले. मग म्हणाले, "मागच्या खोल्यांत आत्ताही लोक झोपतात हो."

"त्या खोल्या आजच रिकाम्या करा," ती म्हणाली.

टाकी हलवली गेली. पायाखाली तुकड्यातुकड्याने नवं काँक्रीट भरलं. त्यात पूर्ण पावसाळा गेला. मजला एकही चढला नाही. त्या मधल्या दिवसांत तेजस्विनीने आपल्या जुन्या सह्यांच्या इमारती पुन्हा पालथ्या घातल्या, दर वेळी बैठकीतलं कोणीतरी बरोबर घेऊन. बहुतेक धड होत्या. एका दुकानाच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तिने उतरवायला लावली. भिंतीतली टकटक पुन्हा कधी आली नाही. ते काय होतं, हे तिने कोणाला विचारलं नाही.

आवाजही गेला. केव्हा गेला, तेसुद्धा तिला कळलं नाही. एके दिवशी तिने सवयीने विचारलं, "चालेल ना रे?" आणि खालच्या रस्त्यावरच्या हॉर्नशिवाय काही आलं नाही. ती बराच वेळ वाट बघत बसली. मग टेबलावर डोकं ठेवून रडली. तो गेला तेव्हा कामाच्या रेट्यात रडायचं राहूनच गेलं होतं.

पितृपक्षात अभिजीतच्या बायकोचा, सुलभाचा, फोन आला. मुलगा परदेशात. श्राद्धाला सोबत येशील का, म्हणाली. दोघी राम घाटावर गेल्या. क्षिप्रा भरून वाहत होती, पायऱ्यांवर पिंड, फुलं आणि माणसांची दाटी. गुरुजींची वाट बघत दोघी एका पायरीवर बसल्या.

"तुला तो कधी जाणवतो का गं?" सुलभाने अचानक विचारलं.

तेजस्विनीने मान हलवली. "आता नाही."

"मला जाणवतो." सुलभा पाण्याकडे बघत होती, चेहऱ्यावर विलक्षण समाधान होतं. "रोज बोलतो. परवा विचारलं, घर विकून टाकू का? एक माणूस आलाय, घाई करतोय. लगेच हो म्हणाला. मी कागद तयार करायला सांगितले."

घाटावर एवढा गलबला होता, तरी तेजस्विनीला काही क्षण काहीच ऐकू येईना. तिने सुलभाचा हात धरला. तो गार होता.

"सुलभा, ऐक. आमच्या शनिवारच्या बैठकीत मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या एक बाई आहेत, आणि एक वकील. तू चल. सही करण्याआधी एकदा त्यांच्याशी बोल."

"कशाला? तो हो म्हणालाय ना."

"म्हणूनच," तेजस्विनी म्हणाली.

सुलभाने तिच्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत राग होता, आणि त्याच्यामागे भीती. तेवढ्यात खालच्या पायरीवरून गुरुजींनी हाक मारली आणि गेलेल्याचं नाव विचारलं. ज्याचा आवाज त्याच्या मागेही ऐकला, त्याचं नाव गेलेल्याचं म्हणून सांगणं दोघींपैकी कोणालाच चटकन जमलं नाही.