दसऱ्याची हजेरी

भुताखेतांना भ्यायला मला कधी सवडच नव्हती. पहाटे चारला उठायचं, नळाचं पाणी भरायचं, सहाला पहिल्या घरी पोळ्या. भूत यायचं तरी कधी आणि मी बघायचं तरी कधी? अंगात येणाऱ्या बायासुद्धा मी पाहिल्यात... मला त्या दमलेल्या दिसायच्या, बाकी काही नाही. माझी नात कॉल सेंटरला आहे, ती तुमच्या ह्या साइटवर असले अनुभव वाचत बसते. तिला हे सांगितलं तर म्हणाली, आजी तू बोल, मी टाइप करते. माझी शाळा दुसरीपर्यंत. तेव्हा शब्द माझे आणि बोटं तिची. माझ्या ‘हाय’चं ती ‘आहे’ करते. करू दे.

मी राहते येरवड्याला, जेलच्या मागच्या अंगाला. माहेर हडपसरच्या पलीकडं, कॅनॉलच्या कडेला. गावाचं नाव सांगत नाही, आता ते नाव फक्त बसच्या पाटीवर राहिलंय. सगळीकडं आयटीवाल्यांच्या बिल्डिंगी. पण चिंचेखाली एक काळा दगड अजून आहे. आमच्या गावातनं फौजेत जाऊन लढाईत गेलेल्यांची अकरा नावं आहेत त्याच्यावर. गोऱ्यांच्या लढायांपासून एकाहत्तरपर्यंत. शेवटचं नाव माझ्या भावाचं, ज्ञानदेवचं.

ज्ञानू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. सुट्टीवर आला की चुलीपुढं बसायचा, भाकरीचा पापुद्रा काढून तेवढाच खायचा आणि खालचं बूड माझ्या ताटात टाकायचा. लग्न ठरवायचं चाललं होतं. एकाहत्तरला तार आली, ती मास्तरांकडं वाचायला नेली. माणूस आला नाही, माती आली नाही. त्या वेळी तसंच असायचं.

आमच्या गावाची एक रीत आहे. दसऱ्याला सकाळी दहाला सगळ्यांनी दगडापाशी जमायचं. पेन्शनीतले एक हवालदार तात्या आहेत, ते यादी वाचतात. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं आणि त्या घरच्या माणसानं ‘हजर’ म्हणायचं. मग एकमेकांना सोनं द्यायचं. ही रीत तात्यांनीच पाडली. म्हणायचे, फौजेत रोज हजेरी असती, मेला म्हणून काय गैरहजर लावायचा?

पण त्यांचा एक नियम होता. ज्या नावाला ओ आली नाही, ते नाव पुढच्या दसऱ्यापासून वाचायचं नाही. का, तर रिकाम्या घराला हाक मारू नये, तिथं भलतंच कुणीतरी ओ देतं. लोक जमिनी विकून कुठं कुठं गेले. अकराची सहा नावं झाली. बाकीची दगडावर आहेत, पण तोंडात नाहीत.

ज्ञानूला आई ओ द्यायची. जाताना तिनं माझा हात धरला, म्हणाली, “तारे, तू हायेस तोवर त्याची हाक मोकळी जाऊ देऊ नको.” तेव्हापासून मी. बारा वर्षं एक दसरा चुकवला नाही. येरवड्याहून बस, हडपसरला उतरून सहा सीटर रिक्षा, मग कॅनॉलवरनं पायी.

तेरावं वर्ष. मी ज्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक करते तिथल्या मॅडमनी दसऱ्याला नवी गाडी घेतली, चौदा माणसं जेवायला बोलावली. पुरणपोळ्या माझ्या हातच्याच पाहिजेत म्हणाल्या. मी आदल्या दिवशी सुट्टीचं बोलले, तर म्हणाल्या, “मावशी, उद्याच नको ना, प्लीज.”

आता खरं सांगते. मी हट्ट धरला असता तर त्यांनी सोडलं असतं. बाई वाईट नाही. मीच हट्ट धरला नाही. गुडघे सुजले होते, पोरगा आजारातनं नुकता उठला होता, घरात भांडणं. ती बस, ती सहा सीटर आणि ती उन्हातली चाल डोळ्यापुढं आली आणि मनात म्हणलं, तीस-बत्तीस वर्षं झाली, आता त्याला काय कळतंय... असं म्हणलं मी. माझ्या सख्ख्या भावाला.

दुसऱ्या दिवशी ओट्याशी उभी होते. मायक्रोवेव्हवर घड्याळ असतं, त्यात दहा वाजलेले मी पाहिले. तव्यावर पोळी होती. मॅडम समोरच वेलची कुटत होत्या. मी तोंडातनं शब्द काढला नाही. पोळी उलटली. अंगावर काटा नाही, डोळ्यापुढं काही नाही. पुढची लाटायला घेतली.

रविवारी गावाला गेले. ठरवलं होतं, तात्यांच्या पाया पडायचं, नाव काढू नका म्हणायचं. वाटेत चुलतभावाची बायको हौसा भेटली. लांबूनच कंबरेवर हात.

“काय वन्सं, ओ दिली की पळालात व्हय? सोनं तरी देऊन जायचं. का येरवड्याचं सोनं आमच्यापेक्षा पिवळं?”

मला वाटलं टोमणा मारतीये. तशीच तात्यांकडं गेले. त्यांच्या पायाला हात लावला तर ते म्हणाले, आज रविवारी कशी काय आलीस, दसऱ्याला तर उभ्याउभ्याच गेलीस. मी विचारलं, मला पाहिलं का तुम्ही? म्हणाले, पाहिलं कशाला पाहिजे, ऐकलं की. गर्दीच्या मागनं बोललीस, तुझ्या नेहमीच्या जागेवरनं.

मी नव्हते म्हणलं तर नाव जाणार. नव्हते म्हणलं नाही तर मी खोटी. चहा पिऊन उठले.

हौसाच्या जावयानं त्याच वर्षी नवा कॅमेरा घेतला होता, त्यात त्यानं सगळं शूटिंग केलं होतं. तिनं मला टीव्हीला लावून दाखवलं. दगड दिसतो, तात्या दिसतात, कागद हलतो. पाच नावं झाली. मग तात्या म्हणाले, “शिपाई ज्ञानदेव.” जरा थांबले. आणि मागनं बाईचा आवाज आला... हजर.

हौसा म्हणाली, बघा, तुम्हीच की.

माझाच होता. पण त्याच्या वर्षभर आधी नळावर पडून माझे पुढचे दोन दात गेले होते. तेव्हापासून ‘हजर’ म्हणलं की मधनं वारा जातो, नात हसते मला. ह्या आवाजात वारा नव्हता. दात असलेल्या बाईचा आवाज होता. तरण्या बाईचा. मी तीनदा लावायला सांगितलं. माझा तसा आवाज होता एके काळी. आईचाही तसाच होता, लोक दाराबाहेरनं फसायचे.

मग राहवलं नाही. परत तात्यांकडं गेले आणि सगळं सांगितलं. पुरणपोळ्यांचं, मॅडमचं, आणि मनात काय म्हणलं होतं तेही. तात्यांनी बराच वेळ कानातली काडी फिरवली.

मी म्हणलं, “तुम्हीच म्हणता, रिकाम्या घराला भलतंच कुणी ओ देतं.”

“भलतं असतं तर मला कळलं असतं,” ते म्हणाले. “मी रिकाम्या खंदकात हाका मारलेला माणूस हाय, तारे. भलतं कसं बोलतं ते मला ठाऊक हाय. ही घरातली ओ व्हती. नाव ऱ्हातंय.”

एवढं बोलून त्यांनी मला बसची वेळ सांगितली. म्हणजे उठ आता.

मी मॅडमना नंतर आडून विचारलं, दसऱ्याला दहा वाजता मी कुठं बाहेर गेले होते का. त्या म्हणाल्या, मावशी, तुम्ही तर जागच्या हलला नाहीत, मीच तुम्हाला पाणी दिलं. गावातल्या बायांनाही विचारलं, कुणी मस्करी केली का. माझ्या भावाच्या नावानं मस्करी करील अशी एकही नाही. आणि मी येणार नाही हे कुणाला माहीतच नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला नऊलाच जाऊन उभी राहिले. ज्ञानूचं नाव आलं आणि मी मुद्दाम थांबले. खोटं कशाला बोलू, मला ऐकायचं होतं. चिंचेवर पाखरं होती, मागं रस्त्यावर कंपनीच्या बसा चालल्या होत्या. दुसरं काही नाही. तात्यांनी चष्म्यावरनं माझ्याकडं पाहिलं. हौसानं ढोसलं. मग मी म्हणलं, हजर. वारा गेला मधनं. पोरं हसली.

त्याला सहा वर्षं झाली. तात्या आता बसून वाचतात, मी उभी राहून ओ देते. तो आवाज परत आला नाही. नात म्हणते, कॅमेऱ्यात बिघाड असेल, दुसऱ्या वर्षाची टेप मिसळली असेल. पण त्या आधी कॅमेरा होता कुणाकडं? आणि तात्यांच्या, हौसाच्या कानात कुठली टेप होती?

मी काही विचार करत नाही आता. भांडी, धुणी, पोळ्या, दुखणी, आयुष्यात जे वाट्याला आलं ते सगळं मीच केलं. माझ्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणी केलं, असं एकदाच झालं. ती बाई कोण होती, ते मला अजून कळलेलं नाही.